खिडकी उघडण्याचं अंदाजपत्रक

नाशिकहून सुरगाण्याला आलेला माणूस गाडीतून उतरला की पहिलं वाक्य हमखास बोलतो : "वा! काय हवा आहे!" आम्ही सुरगाणेकर त्यावर विनयाने मान खाली घालतो. ती हवा तयार करण्यात आमचा काडीचाही हात नसतो. नार-पारच्या खोऱ्यातली झाडं आणि डोंगरावरून येणारा वारा यांनी ते काम परस्पर उरकलेलं असतं. पण पाहुणा कौतुक करत असताना यजमानाने नाही म्हणू नये. पाहुणा दोन लांब श्वास घेतो, छाती फुगवून एक फोटो काढून घेतो आणि ज्या कामासाठी आलेला असतो त्या कार्यालयात शिरतो. खुर्चीवर टेकल्यावर त्याचं दुसरं वाक्यही तितकंच हमखास असतं : "जरा ती खिडकी लावता का? फार वारा येतोय."

सापुताऱ्याला जाणाऱ्या मंडळींचंही तेच. सुरतेहून आणि नाशिकहून शेकडो गाड्या तिकडे हवा खायला जातात. काचा वर, आत एसी, आणि एसीचं ते बटण दाबलेलं, ज्याने बाहेरची हवा आत न येता आतलीच फिरत राहते. म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकात, ट्रकच्या मागे उभं असताना गाडीत शिरलेली हवा पाच जणांच्या छातीतून आलटून पालटून फिरत बोरगाव ओलांडते आणि घाट चढते. वर पोचल्यावर ही मंडळी गाडीतून उतरून खोलीत जातात आणि तिथला एसी लावतात. हतगडच्या अलीकडे मुक्काम टाकणाऱ्या काही पाहुण्यांना हवेपेक्षा वेगळ्याच गोष्टीची ओढ असते, कारण सीमेपलीकडे, गुजरातेत, दारूबंदी आहे. पण तीही मंडळी जे काही करतात ते खिडक्या लावूनच. या सगळ्या प्रवासात उत्तम हवा मिळते ती फक्त काळ्या-पिवळ्या जीपमधल्या प्रवाशांना, कारण त्यातले निम्मे जीपच्या बाहेर लटकलेले असतात.

पाहुण्यांचं सोडा, ते दोन दिवसांनी जातात. आम्ही मात्र दिवसाचे आठ तास आत बसतो, आणि आतल्या हवेकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आमच्याकडे एक कार्यालय आहे. कोणतं ते सांगत नाही. सुरगाण्यातल्या वाचकाला वाटेल, हे आपलंच. कळवणच्या वाचकाला वाटेल, हे आपलं. पेठच्या वाचकाला तर खात्रीच होईल. तिघांचंही बरोबर धरावं. या कार्यालयातल्या मोठ्या खोलीला चार खिडक्या आहेत. बांधणाऱ्याचा हेतू चांगला होता, हे त्यावरून कळतं. पहिल्या खिडकीपुढे लोखंडी कपाट उभं आहे. ते सरकवता येत नाही, कारण आत काय आहे ते कुणाला माहीत नाही, आणि माहीत करून घेता येत नाही, कारण किल्ली बदली झालेल्या कारकुनाबरोबर गेली. दुसऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर वनहक्काच्या दाव्यांचे गठ्ठे छताच्या दिशेने वाढत चालले आहेत. याच दाव्यांसाठी मार्च २०१८ मध्ये इथली माणसं नाशिकपासून मुंबईपर्यंत चालत गेली. माणसं सहा दिवसांत मुंबईला पोचली. गठ्ठे अजून खिडकीतून टेबलापर्यंत पोचायचे आहेत. तिसऱ्या खिडकीला मागे कधीतरी रंग देताना झडप आणि चौकट यांवरून ऑइलपेंटचा एकच हात फिरला आणि दोघं कायमचे एकजीव झाले.

चौथी खिडकी उघडते. पण ती हवेसाठी उघडत नाही, रेंजसाठी उघडते. कुणाचा महत्त्वाचा फोन आला की तो माणूस खिडकी उघडतो, कमरेपासून वरचा भाग बाहेर काढतो, "हॅलो, हॅलो, आता येतोय का आवाज?" असं दोन डोंगरांना विचारतो, आणि बोलणं संपलं की आत येऊन खिडकी लावून घेतो. सीमेवरच्या आमच्या गावांत मोबाइलला कधी कधी गुजरातचं स्वागत येतं, ते वेगळं. पण रेंजचे आम्ही सगळेच ऋणी आहोत. तिच्यामुळे दिवसाकाठी थोडी ताजी हवा आत येते.

खिडकी का उघडत नाही, हे विचारायला गेलात तर निरुत्तर व्हाल. भाऊसाहेबांचे कागद उडतात. अव्वल कारकून मॅडमना सायनस आहे. संगणकावर बसणाऱ्या पोराला वाटतं, मशीनमध्ये धूळ जाते. शिपाईमामांचा मुद्दा माकडांचा आहे : उघड्या खिडकीतून एकदा माकड आत आलं, त्याने कुणाचा तरी डबा उचलला आणि जाताना आवक रजिस्टरवर पाय दिला. तो पाय आजही रजिस्टरवर आहे आणि त्याच्यासमोर आवक क्रमांकही पडला आहे. शिवाय जून ते सप्टेंबर झड असते. सुरगाण्याचा पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त पडतो. पाऊस संपला की मच्छर, मच्छर संपले की थंडी, थंडी संपली की ऊन. यातलं एकही कारण खोटं नाही, हीच तर पंचाईत. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर आहे, आणि सगळे मिळून एका बंद पेटीत बसले आहेत.

या खोलीत बाहेरून पाऊल टाकलं की आधी वास येतो. ओल धरलेलं बासन, जुना कागद, डांबराची गोळी, कुणाच्या तरी डब्यातलं सुकट आणि या सगळ्यांच्या मधोमध माणूस. थोड्या वेळाने वास येईनासा होतो. वास जिथल्या तिथेच असतो. नाकाने त्याची नोंद घेणं थांबवलेलं असतं. नाकाचा स्वभावच तसा आहे, सतत येणाऱ्या वासाला ते सरावतं. म्हणून हवा कोंदट आहे हे नव्या अर्जदाराला लगेच कळतं आणि जुन्या कर्मचाऱ्याला कधीच कळत नाही. ही गोष्ट हवेपुरतीच खरी आहे असं माझं म्हणणं नाही.

नाकावर विसंबून चालत नाही, हे म्यूनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांच्या १८५८ सालीच लक्षात आलं होतं. त्यांनी खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. हा वायू खोलीत येतो तो मुख्यतः माणसांच्या नाकातून, त्यामुळे तो किती साचला यावरून हवा किती शिळी झाली हे कळतं. हजार भागांत एक भाग, म्हणजे दहा लाखांत हजार, याच्या वर आकडा गेला की खोली बसायला चांगली नाही, असं त्यांनी सांगितलं. आजही जगभरचे अभियंते खोलीची हवा तपासताना याच हजाराच्या आसपास घुटमळतात. याच पेटेनकोफरसाहेबांनी पुढे १८९२ मध्ये, कॉलरा नुसत्या जंतूंनी होत नाही हे सिद्ध करायला, कॉलऱ्याच्या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं. पोट थोडं बिघडलं, माणूस वाचला. जंतूंच्या बाबतीत ते चुकले, खिडकीच्या बाबतीत बरोबर ठरले. आमच्याकडे अशी माणसं पुष्कळ आहेत, फक्त चूक-बरोबरचा क्रम उलटा असतो.

हिशेब सोपा आहे. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा वायू दहा लाखांत साधारण ४२० भाग असतो. आपण सोडलेल्या श्वासात तो चार टक्के, म्हणजे दहा लाखांत ४० हजार. बंद खोलीत आकडा २,४०० वर गेला, तर तिथे घेतलेल्या दर वीस श्वासांतला एक श्वास आधी कुणाच्या तरी छातीत जाऊन आलेला असतो. आढावा बैठकीत भाऊसाहेबांचं मत एखाद्याला पटेल, एखाद्याला पटणार नाही. त्यांचा श्वास मात्र सर्वानुमते घ्यावा लागतो. आणि दुपारी तीनच्या बैठकीत निम्मी माणसं पेंगत असतात त्याचा दोष आपण वक्त्याला देतो, शाळेत मुलं पेंगतात त्याचा दोष खिचडीला देतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्वर्डच्या संशोधकांनी चोवीस कर्मचाऱ्यांना वेगवेगळ्या हवेत बसवून त्यांची निर्णयशक्ती तपासली. हा वायू १,४०० च्या आसपास असताना त्यांचे गुण निम्म्याच्या आसपास खाली आले. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत असं ठळक उत्तर निघालेलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे काही सांगू नये. पण आमच्या कार्यालयात काही निर्णय झाले आहेत, ज्यांचं हवेशिवाय दुसरं कोणतंही स्पष्टीकरण मला सापडत नाही.

"पण पंखा आहे ना!" असं कुणीतरी म्हणतंच. पंख्याबद्दल आपल्या लोकांचा फार मोठा गैरसमज आहे. पळीने आमटी ढवळावी तसा पंखा हवा ढवळतो. ढवळून आमटी ताजी होत नाही. एसीचं त्याहून बिकट. भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आत आणतो, असं शिकलेसवरलेले लोकसुद्धा समजतात. त्याला बाहेरच्या पेटीशी जोडणाऱ्या नळीतून हवा येत-जात नाही, थंड करणारा वायू फिरतो. एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि तुम्हाला परत देतो. साहेबांच्या केबिनमध्ये एसी आहे, म्हणून ती केबिन गावात सर्वांत जास्त बंद आहे. खरी सुधारणा होते ती वीज गेल्यावर. पंखा थांबला, एसी बंद पडला, की सगळं कार्यालय पडवीत येऊन उभं राहतं. चेहऱ्यांवर रंग येतो, डोळ्यांत तेज येतं, लोक एकमेकांची विचारपूस करतात. तासाभराने वीज येते आणि सगळे निमूटपणे पुन्हा आत जातात.

हवा सुधारायचे प्रयत्न होत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. उलट आमच्याइतके प्रयत्न क्वचितच कुठे होत असतील. फक्त प्रत्येकाचा प्रयत्न हवेत काहीतरी घालण्याचा असतो. शिपाईमामा सकाळी देवाच्या फोटोपुढे अगरबत्ती लावतात, कारण वातावरण प्रसन्न होतं. मॅडमच्या टेबलावर मोगऱ्याच्या वासाचा फवारा आहे. कपाटात डांबराच्या गोळ्या, मोरीत फिनाईल. साडेदहाला, म्हणजे माणसं जागेवर बसल्यावर, कोरडा झाडू फिरतो आणि जमिनीवरची धूळ मानाने उठून सगळ्यांच्या नाकांपर्यंत येते, मग सावकाश पुन्हा खाली बसते. ओलं फडकं फिरवलं तर ती तिथेच मरेल, पण ओल्या फडक्याने झाडल्याचा आवाज होत नाही आणि आवाज झाल्याशिवाय काम झालं असं वाटत नाही.

संध्याकाळी भाऊसाहेबांच्या टेबलाखाली मच्छरांची कॉइल पेटते. त्याच भिंतीवर 'येथे धूम्रपान करण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं होतं, की एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे बारीक कण हवेत सोडते तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. म्हणजे पाटीखाली एका माणसाने एक बिडी ओढली तर दंड आहे, आणि शंभरेक सिगारेटींचा ऐवज टेबलाखाली मूकपणे जळत असेल तर ते आरोग्याची काळजी घेणं आहे.

मग कुणीतरी बातमी वाचतं की झाडं हवा शुद्ध करतात. अमेरिकेच्या नासाने १९८९ मध्ये तसा प्रयोग केला होता, हे खरं आहे. छोट्या हवाबंद पेटीत कुंडी ठेवली, पेटीत रसायनांची वाफ सोडली, आणि झाडाने ती कमी केली. पेटीतलं हे यश खोलीत आणायचं तर किती झाडं लागतील, याचा हिशेब पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघांनी मांडला. बाहेरून सहज आत येणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत कुंड्या ठेवाव्या लागतील, असं उत्तर आलं. म्हणजे कार्यालयात झाडं राहतील, कर्मचाऱ्यांना बाहेर बसावं लागेल, आणि हवा सुधारेल ती त्यामुळे. आमच्या कार्यालयात सध्या एक मनीप्लांट आहे. तो एका रिकाम्या बाटलीत आहे. बाटली पूर्वी कशाची होती हे हतगडच्या उल्लेखावरून चाणाक्ष वाचकाने ओळखलं असेल. बाटली तिसऱ्या खिडकीच्या काचेला टेकवून ठेवली आहे. काचेच्या पलीकडे हिरव्या डोंगरांची रांगच्या रांग आहे. मनीप्लांट दिवसभर तिकडे बघत असतो.

२०२० मध्ये तर कहर झाला. हवेतून पसरणारा रोग आला आणि आम्ही टेबलं पुसली. खुर्च्या पुसल्या, दाराच्या कड्या पुसल्या, चिल्लर धुतली. पाठीला पंप लावलेला माणूस येऊन भिंतींवर औषध मारून गेला, आणि औषध उडून जाऊ नये म्हणून जाताना खिडक्या लावून गेला. या सगळ्यामागे मूर्खपणा नव्हता, हे मला पुढे हळूहळू उमगत गेलं. फवारणीचं बिल निघतं. सॅनिटायझरचं बिल निघतं. कुंडीचं निघतं, फवाऱ्याचं निघतं, हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचं तर फारच देखणं बिल निघतं. हवेत जे जे घालायचं ते विकत मिळतं. हवेतून काढायचं काम मात्र खिडकी करते, आणि तिचं बिल निघत नाही. ज्या उपायाचं बिल निघत नाही, त्याला मंजुरी कोण देणार, सही कुठे करणार आणि फोटो कशासमोर काढणार?

कार्यालयातून निघून पाड्यावर गेलं तरी हाच हिशेब भेटतो, फक्त तिथे तो हसण्यावारी नेता येत नाही. आमच्याकडचं जुनं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या विणून त्यावर शेणामातीचा लेप, वर कौलं. खिडकी नावाला. आत चूल, चुलीवर आढ्याला टांगलेली मक्याची कणसं. धुराने बियाण्याला कीड लागत नाही, लाकूड भुंग्यापासून वाचतं. बियाण्याची आणि लाकडाची सोय अशी झाली, आणि चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे गेले, छाती गेली. घरातल्या अशा धुराने २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. शहरातल्या गाड्यांच्या धुरावर आपण परिसंवाद घेतो, चुलीच्या धुरावर मात्र "चुलीवरचं जेवण" अशी पाटी लावून ढाबा काढतो.

यावर उपाय काही कमी झाले नाहीत. १९८३ पासून सरकारने निर्धूर चुली वाटल्या. पुण्यात आनंद कर्वे आणि त्यांच्या 'आरती' संस्थेने सुधारित चुलींवर वर्षानुवर्षं काम केलं. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी आमच्या पाड्यांपर्यंत आली. शेगडी अजून घरात आहे. फळीवर, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली, नवीकोरी.

"मावशी, गॅस वापरत नाही का?"

"वापरते ना. पाहुणा आला का चहा करते त्याच्यावर."

"आणि भाकरी?"

"नागलीची भाकर चुलीवरच फुगते. आणि टाकी संपली म्हणजे? लाकूड रानातून येतं, टाकी काय रानात मिळते का?"

वाटलेल्या शेगड्या मोजता येतात, म्हणून त्या मोजल्या जातात. घरातला धूर कुणी मोजत नाही. त्यात आता कुडाची घरं जाऊन घरकुलं आली. पक्क्या भिंती, वर स्लॅब किंवा पत्रा, पावसाची काळजी मिटली. पण कौलांच्या फटीतून धूर निघून जात होता, ती फट हेच त्या घराचं धुराडं होतं, हे आराखडा काढणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. घर पक्कं झालं आणि धूरही आत पक्का झाला. घरकुलापुढे मालकाला उभं करून फोटो निघतो, मग हप्ता मिळतो. त्या फोटोत भिंत दिसते, दार दिसतं, माणूस दिसतो. धूर कुठून बाहेर जाणार, हे फोटोत येत नाही. तेव्हा ज्यांना घरकुलात चूल ठेवायची आहे त्यांनी चुलीच्या वरच्या भिंतीत, स्लॅबच्या लगेच खाली, दोन विटांचं तोंड तरी सोडायला गवंड्याला सांगावं. त्याला पैसे लागत नाहीत. उलट दोन विटा वाचतात.

सरकारने हवेवर कधीच खर्च केला नाही असं नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाटीच्या वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रस्ते वस्ती कापून काढले गेले. प्लेग कोंदट हवेने होतो असा तेव्हा पुष्कळांचा समज होता. तो उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने त्याच १८९८ साली कराचीत दाखवलं. पण ते सर्वांना पटेपर्यंत रस्ता मंजूर झालेला होता, आणि मंजूर झालेला रस्ता निव्वळ कारण चुकलं म्हणून कुणी थांबवत नाही. थांबवला नाही ते बरंच झालं. क्षयासारखा हवेतून पसरणारा रोग तिथे होताच, आणि त्याला वाऱ्याचं वावडं असतं. आमच्याच जिल्ह्यातल्या देवळालीला एकेका समाजाची सॅनेटोरियम उभी राहिली ती याच वाऱ्यापायी. लांबलचक व्हरांडे, उंच छपरं, दारासमोर दार, खिडकीसमोर खिडकी. औषध नव्हतं तेव्हा लोक हवेवर विसंबून होते. औषध आलं आणि व्हरांड्यांना काचा बसल्या.

कायद्यालाही हवेची जाण होती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या सोळाव्या कलमानुसार नव्या कारखान्यात माणशी किमान १४.२ घनमीटर जागा लागायची, आणि ती मोजताना जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची उंची धरायची नसे. म्हणजे उंच छपराकडे बोट दाखवून खाली माणसं कोंबायची नाहीत. फार सुंदर कलम होतं. पण ते कारखान्यापुरतं होतं, कचेरीला लागू नव्हतं. कचेरीत काही तयार होत नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असावं.

आता उपायाकडे येतो. यंत्र न घेता हवा कशी तपासायची, हे एका पावसाळी सकाळी आम्ही करून पाहिलं. शिपाईमामांची अगरबत्ती देवापुढून उचलली आणि चौथ्या खिडकीपाशी धरली. खिडकी बंद होती. धूर सरळ वर गेला, छताला लागून पसरला आणि तिथेच रेंगाळला. खिडकी उघडली. धूर जरासा हलला, दोनदा आत आला, दोनदा बाहेर गेला, काय करावं ते त्याला कळेना. मग समोरच्या बाजूचं दार उघडलं. त्याबरोबर धूर आडवा झाला आणि एका रेषेत खिडकीतून बाहेर निघून गेला. सगळं शास्त्र एवढंच आहे : हवेला यायला एक वाट लागते आणि जायला दुसरी, शक्यतो समोरासमोर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा आत यावी असं सांगितलं, म्हणजे प्रत्येकाला दर सेकंदाला साधारण अर्धी बादली. तेवढी हवा सुरगाण्यात बाहेर ताटकळत उभी आहे. तिला कुणी आत या म्हणत नाही, इतकंच.

आणि बिलाशिवाय काही होत नसेल तर बिल करू, असं म्हणून मी रीतसर अंदाजपत्रक तयार केलं :

कलम १. पहिल्या खिडकीपुढचं कपाट दोन हात डावीकडे सरकवणे. मनुष्यबळ : उपलब्ध. खर्च : निरंक.

कलम २. वनहक्काचे गठ्ठे खिडकीतून काढून टेबलावर घेणे व निकाली काढणे. खर्च : निरंक. शेरा : हवेव्यतिरिक्त इतरही लाभ संभवतात.

कलम ३. तिसऱ्या खिडकीचा रंग सुरीने कापून झडप मोकळी करणे. सुरी : मॅडमच्या डब्यातली. खर्च : निरंक.

कलम ४. माकड व मच्छर यांकरिता जाळी. बाहेरून वर झडप, म्हणजे झडीतही खिडकी बोटभर उघडी राहील. जाळी भांडारात पडून आहे. खर्च : निरंक.

कलम ५. एक्झॉस्ट पंख्याच्या भोकात कोंबलेला पुठ्ठा काढणे. चिमणीचं घरटं असल्यास पिल्लं उडेपर्यंत थांबणे. पंखा उलटा बसवला असल्यास सुलटा करणे, म्हणजे तो हवा बाहेर टाकेल. खर्च : निरंक.

कलम ६. झाडू माणसं येण्याच्या आधी, आणि ओलं फडकं. कॉइलऐवजी जाळी. अगरबत्ती पडवीत, देव तिथेही असतो. खर्च : निरंक.

कलम ७. भाऊसाहेबांच्या कागदांवर ठेवण्यासाठी दगड, नग बारा. सुरगाणा तालुक्यात दगडाची टंचाई नाही. खर्च : निरंक.

अंदाजपत्रक वर गेलं आणि बऱ्याच दिवसांनी शेऱ्यासह परत आलं : 'प्रस्ताव स्तुत्य आहे. तथापि एकूण रक्कम निरंक असल्याने निविदा काढता येत नाही. रक्कम वाढवून फेरसादर करावा.'

तेव्हा मी त्यात कोनशिला, मंडप, फीत, शाल-श्रीफळ आणि शंभर माणसांचा चहा घातला आहे. त्याबरोबर प्रस्तावाला तत्त्वतः मान्यता मिळाली. खिडकीचा उद्घाटन समारंभ लवकरच होईल. त्या दिवशी खिडकी तेवढी बंद ठेवावी लागेल, कारण वाऱ्याने फीत हलते आणि फोटो नीट येत नाही.